कास्टिंगचा कंटेनर युरोपात उतरला, पुढे रेल्वेने न्यायचा तर?

उद्यमनगरी (धागाकर्ता)

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातला ओतकामाचा बराच माल न्हावाशेवाहून युरोपला जातो. एफओबीवर विकला की जहाजात चढेपर्यंतच आपलं डोकं. पण डीएपीवर ऑर्डर घेतली की गिऱ्हाइकाच्या गेटपर्यंत पोचवायची जबाबदारी आपली. मग रॉटरडॅम, हॅम्बुर्ग किंवा ट्रिएस्टपासून आत बव्हेरिया, ऑस्ट्रिया, हंगेरीपर्यंतचा टप्पा आपल्या गळ्यात येतो. फॉरवर्डर रेल्वेचा आणि ट्रकचा असे दोन दर पाठवतो. रेल्वेचा बरा दिसतो, आणि मग कधीतरी डबा सीमेवरच्या यार्डात दिवसच्या दिवस बसतो. तो का बसतो, तिकडे यावर काय चाललंय आणि आपण दर घेताना काय विचारायचं, यासाठी हा धागा.

सुरुवात वजनापासून करतो, कारण आपला माल जड. २० फुटी कंटेनरचं कमाल एकूण वजन ३०.४८ टन, रिकामा डबा साधारण सव्वादोन टन. युरोपात सीमा ओलांडणाऱ्या ट्रकला सर्वसाधारण मर्यादा ४० टन. ट्रॅक्टर आणि चॅसी मिळून १३-१४ टन धरले तर भरलेला डबा २६-२७ टनांच्या वर जाता कामा नये, म्हणजे आत माल फार तर २४ टन. तोच डबा मोठा पल्ला रेल्वेने आणि फक्त शेवटचा तुकडा ट्रकने गेला तर युरोपीय नियमात सवलत आहे: दोन आसांचा ट्रॅक्टर आणि तीन आसांचा ट्रेलर असेल तर ४२ टन, दोन्ही तीन-तीन आसांचे असतील तर ४४ टन. म्हणजे त्याच डब्यात दोन ते चार टन जास्त. नटबोल्ट, पंप बॉडी, ब्रॅकेट असला माल असेल तर दर टनामागचा हिशोब इथंच फिरतो.

आता उलटी बाजू. ६० फुटी सपाट वाघीण लांबीने तीन २० फुटी डबे घेते. पण चार आस, प्रत्येकी २२.५ टन, म्हणजे एकूण ९० टन. वाघिणीचं स्वतःचं वजन २० टनांच्या आसपास. उरले ७०. आपले २९ टनी डबे तीन धरले तर ८७ होतात, म्हणजे दोनच बसतात आणि मधली जागा रिकामी धावते, नाहीतर तिथं हलका डबा शोधावा लागतो. म्हणून रेल्वेवाले जड २० फुटीला अधिभार लावतात. कोटेशनमध्ये हा अधिभार धरलाय का, हे पहिलं विचारायचं.

पुलाची_शिरोली

४४ टन सगळीकडे चालतं का? आणि ट्रकवाल्याला पोलिसांनी धरलं तर दाखवायचं काय?

उद्यमनगरी

हा ९६/५३ क्रमांकाचा डायरेक्टिव्ह, २०१५ मध्ये सुधारलेला. ट्रकवाल्याकडे डबा रेल्वे टर्मिनलहून आला किंवा टर्मिनलला चाललाय याचे कागद लागतात, तोंडी सांगून भागत नाही. काही देशांत अंतर्गत वाहतुकीला याहून जास्त चालतं, नेदरलँड्समध्ये तर ५० टनांपर्यंत. पण तो ट्रक जर्मनीत शिरला की तिथला काटा लागू. आणि व्हीजीएममध्ये (जहाज कंपनीला द्यायचा भरलेल्या डब्याच्या तपासलेल्या वजनाचा दाखला) लिहिलेलं वजन तेच काट्यावर दिसलं पाहिजे. जुलै २०१६ पासून त्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण तोच आकडा पुढे वाघिणीची मांडणी ठरवायला वापरतात हे बरेचजण विसरतात. दोन टनांचा फरक निघाला तर डबा खाली उतरवून पुढच्या गाडीला टाकतात.

मिरज_जंक्शन

चांगला धागा. सीमेवर गाडी का थांबते, यावर थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे 'गाडी बदलावी लागते' म्हटलं की जुन्या माणसांना गेज आठवतं. मिरजेत एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज होती आणि माल एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. युरोपात ही अडचण कडेकडेलाच आहे. स्पेन-पोर्तुगालचं जुनं जाळं १६६८ मिमी, बाल्टिक देश, बेलारूस, युक्रेन १५२०, फिनलंड १५२४. बाकी जवळजवळ सगळा खंड १४३५ वर. स्पेनमध्ये टाल्गोच्या गाड्या साधारण १५ किमी वेगाने गेज बदलणाऱ्या यंत्रावरून जातात आणि चाकं आपोआप सरकतात. मालवाघिणींचे मात्र फ्रेंच सीमेवर सर्बेरला आसच बदलतात. बेलारूस-पोलंड सीमेवर ब्रेस्तला वाघीण उचलून खालची चाकांची बोगी बदलतात, नाहीतर कंटेनर क्रेनने पलीकडच्या वाघिणीवर ठेवतात. कंटेनरला दुसरी पद्धत स्वस्त.

आता मुख्य जाळ्याकडे. तिथं तारेतली वीज वेगवेगळी. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन, नॉर्वे १५ केव्ही, १६.७ हर्ट्झ. इटली, बेल्जियम, पोलंड, स्लोव्हेनिया ३ केव्ही डीसी. नेदरलँड्स आणि दक्षिण फ्रान्स १.५ केव्ही डीसी. उत्तर फ्रान्स, डेन्मार्क, हंगेरी २५ केव्ही, ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखं. ६ मेगावॅट ओढायचे तर २५ केव्हीवर २४० अँपिअर लागतात आणि १.५ केव्हीवर ४०००. तारेची जाडी, पेंटोग्राफची (इंजिनाच्या टपावरून तारेला टेकणारा सांगाडा) पट्टी, सबस्टेशनांमधलं अंतर, सगळं त्यावरून बदलतं. शिवाय पेंटोग्राफची रुंदी: जर्मनी-ऑस्ट्रियात १९५० मिमी, स्वित्झर्लंडमध्ये १४५०. रुंद पेंटो स्विस बोगद्यात नेला तर तो भिंतीकडच्या सामानाला घासेल, अरुंद पेंटो जर्मनीत नेला तर वळणावर तार त्याच्यावरून सुटेल. म्हणून सीमापार इंजिनाच्या टपावर चार-चार पेंटोग्राफ दिसतात. ते हौसेने बसवलेले नसतात.

सीमेवर बदल असा होतो: पाटी दिसली की चालक ट्रॅक्शन शून्यावर आणतो, मुख्य ब्रेकर उघडतो, पेंटो खाली घेतो. गाडी विनावीज तुकड्यातून नुसती घरंगळते. पलीकडे पडद्यावर नवी वीजप्रणाली निवडतो, दुसरा पेंटो वर जातो, इंजिन तारेतला दाब तपासतं, जुळला तरच ब्रेकर बंद होतो. मुंबईत डीसी होतं तेव्हा आपली डब्ल्यूकॅम इंजिनं हेच करायची. चढावर जड गाडी हळू आली तर मात्र त्या मेलेल्या तुकड्यातच बसते आणि मागून ढकलायला दुसरं इंजिन लागतं.

पण विजेचं गणित आता सुटलेलं आहे. व्हेक्ट्रॉन, ट्रॅक्स या इंजिनांत तिन्ही-चारही प्रणाल्या येतात. महाग आहेत, पण मिळतात. खरा गुंता सिग्नलचा.

रंकाळा_स्टँड

मग सगळ्यांनी एकच व्होल्टेज का घेतलं नाही? आपण मुंबई बदललीच की.

मिरज_जंक्शन

आपण एका शहराभोवतीचा पट्टा बदलला, त्यालाही वर्षं गेली. तिकडे १९१२-१३ मध्ये जर्मन राज्यांनी १५ केव्हीवर करार केला, तेव्हाची मोटर ५० हर्ट्झवर नीट चालत नव्हती म्हणून. त्यानंतर त्या वारंवारतेची वेगळी वीजनिर्मिती, वेगळ्या वाहिन्या, कन्व्हर्टर असा सगळा संसार उभा राहिला. तो मोडण्यापेक्षा इंजिनात ट्रान्सफॉर्मर-कन्व्हर्टर घालणं शंभरदा स्वस्त.

सिग्नलचं पुढे लिहितो. गाडी लाल सिग्नल ओलांडून जाऊ नये म्हणून प्रत्येक देशाने आपापली यंत्रणा केली. जर्मनीत पीझेडबी: रुळाशेजारी चुंबक, डिस्टंट सिग्नलला १००० हर्ट्झ, स्टॉप सिग्नलला २०००, मध्ये कुठे कुठे ५००. १००० वरून गेलं की चालकाने ४ सेकंदांत बटण दाबलं नाही तर इमर्जन्सी ब्रेक. फ्रान्समध्ये रुळांच्या मधोमध 'मगर' नावाची धातूची पट्टी आणि इंजिनाखाली तिला घासणारा ब्रश, शिवाय केव्हीबी. इटलीत एससीएमटी, नेदरलँड्समध्ये एटीबी, पोलंडमध्ये एसएचपी. अशा वीसहून जास्त. प्रत्येकीचा अँटेना इंजिनाच्या पोटाखाली, प्रत्येकीची उपकरणांची पेटी केबिनमागे, प्रत्येकीची वेगळी मंजुरी. चार देशांत चालणाऱ्या इंजिनाखाली जागाच उरत नाही.

यावर उपाय म्हणून ईटीसीएस, म्हणजे सगळ्या युरोपसाठी एकच गाडी-नियंत्रण यंत्रणा. रुळांत पिवळे बलीस बसवतात. त्यात बॅटरी नसते, वरून जाणाऱ्या इंजिनाच्या २७ मेगाहर्ट्झ लहरींवर ते जागे होतात आणि आपला निरोप पाठवतात. लेव्हल २ मध्ये पुढे जायची परवानगी रेडिओने केबिनच्या पडद्यावर येते. हे सगळीकडे एकच असतं तर प्रश्न मिटला असता. पण आवृत्त्या झाल्या. बेसलाईन २ चं इंजिन बेसलाईन ३ च्या लाईनवर चालेलच असं नाही. देशोदेशीच्या रेल्वेंनी आपापल्या जुन्या सवयीही त्यात घुसवल्या. वर ती ज्या जीएसएम-आर रेडिओवर चालते तो जुना झाला, त्याच्या जागी एफआरएमसीएस येणार. आज इंजिनात यंत्रणा बसवणाऱ्याला काही वर्षांत पुन्हा तेच इंजिन उघडावं लागणार, म्हणून मालगाडीवाले हात आखडून बसलेत. (आपल्याकडे मालक एकच, तरी कवच ३.२ आणि ४.० झालंच.)

एक सुधारणा मात्र खरोखर कामाची झाली. पूर्वी इंजिनाला प्रत्येक देशाच्या प्राधिकरणाकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागायची. जून २०१९ पासून फ्रान्समधल्या वालाँसिएनच्या युरोपीय रेल्वे एजन्सीकडे एकच अर्ज चालतो. राष्ट्रीय नियम तपासावे लागतातच, पण कागद एका खिडकीत.

पंचगंगा_घाट

+१. वाचनखुणांत साठवला.

कॉरिडॉर_काका

मिरज_जंक्शन यांचं वाचलं. पण माझ्या मते गाडी थांबण्याचं मोठं कारण माणसं आणि वेळापत्रक. यंत्र त्यानंतर.

रास्टाटचं उदाहरण घ्या. १२ ऑगस्ट २०१७. कार्ल्सरूहे-बाझल लाईनखाली नव्या बोगद्याचं खोदकाम चालू असताना वरचे रूळ खचले. रॉटरडॅम ते जेनोवा हा युरोपातला सर्वांत गजबजलेला माल मार्ग, दिवसाला २०० पर्यंत मालगाड्या, आणि लाईन २ ऑक्टोबरपर्यंत बंद. खोदणारं यंत्र काँक्रीट ओतून तिथंच गाडून टाकलं. आता बघा, ऱ्हाइनच्या पलीकडे फ्रान्समध्ये समांतर लाईन आहे. ती पुरती वापरता आली नाही, कारण फ्रेंच बोलणारे आणि तो मार्ग माहीत असणारे चालक नव्हते, आणि फ्रेंच यंत्रणा असलेली इंजिनं पुरेशी नव्हती. रूळ होते, गाड्या उभ्या.

चालकाचा नियम असा: ज्या देशात गाडी चालवायची तिथल्या कंट्रोलशी बोलण्याइतकी भाषा, बी१ पातळीची, यायलाच हवी. वर त्या मार्गाची ओळख, म्हणजे कुठे चढ, कुठे सिग्नल, कुठे वेग कमी. म्हणून सीमेवर चालक बदलतो. बदली चालक आधीच्या गाडीबरोबर उशिरा आला किंवा त्याचे कामाचे तास संपले, की सगळं तयार असून गाडी उभी. विमानवाल्यांसारखी एकच भाषा करा अशी मागणी जुनी आहे. ठरावीक वाक्यांचं भाषांतर करणारी उपकरणंही करून पाहिली. रोजच्या कामात ती चालतील. पण गाडी घसरली, तार तुटली अशा वेळी ठरावीक वाक्यं पुरत नाहीत, आणि नेमका तेव्हाच धोका असतो. त्यामुळे मला त्यात फार दम वाटत नाही. त्यापेक्षा वळणमार्गांवर चालकांना आधीच तयार ठेवणं बरं.

दुसरं, तपासणी. पूर्वी प्रत्येक सीमेवर वाघीण तपासनीस गाडीच्या एका बाजूने चालत जायचा, दुसऱ्या बाजूने परत: चाकं, ब्रेकचे ठोकळे, कप्लिंग, भार नीट बांधलाय का. ७०० मीटर गाडीची फेरी, वर ब्रेक टेस्ट, म्हणजे तास सहज. आता कंपन्या आपसात विश्वासाचा करार करतात, निघताना एकाने तपासलं की दुसरा ते मानतो. जिथं हा करार आहे तिथं गाडी सीमेवर चालक बदलण्याइतकीच थांबते. एकाही रुपयाचं बांधकाम न करता वाचलेला हा वेळ आहे.

आणि ब्रेनरच्या शेपटाचा किस्सा प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियाकडून गाडी परावर्तक पाट्या लावून यायची, इटलीला मागे दिवेच हवे असायचे. मग १३७१ मीटर उंचीवरच्या स्टेशनात कोणीतरी गाडीच्या टोकापर्यंत चालत जाऊन पाट्या काढून दिवे लावायचे. ५५ किमीचा नवा बोगदा खाली खोदतायत, तो २०३२ च्या सुमारास अपेक्षित आहे, आणि वर भांडण होतं शेपटाच्या दिव्याचं.

उद्यमनगरी

काका, वेळापत्रकाबद्दलही लिहा. फॉरवर्डर 'पाथ मिळाला नाही' म्हणतो त्याचा अर्थ काय?

कॉरिडॉर_काका

पाथ म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या रुळावरून जायचा हक्क. युरोपात वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं, आणि त्यासाठीचे अर्ज त्याच वर्षी एप्रिलमध्ये द्यावे लागतात. प्रवासी गाडीला हे जमतं. मालवाल्याला एप्रिलमध्ये कुठं माहीत असतं की पुढच्या ऑक्टोबरात कोणाचा माल असणार? मग तो उरलेल्या फटींमधून आयत्या वेळी पाथ मागतो. तीन देश असतील तर तिघांचे तीन पाथ, आणि ते सीमेवर एकमेकांना जुळले पाहिजेत. एकाने १४:१० ला सीमेवर सोडलं आणि पुढच्याचा पाथ १८:४० चा असला, तर गाडी साडेचार तास यार्डात. यात बिघाड कुठंच नाही.

२०१० च्या ९१३ क्रमांकाच्या नियमाने माल कॉरिडॉर आणि एकखिडकी केली, सीमेच्या दोन्ही बाजूंनी जुळलेले तयार पाथ विकायला ठेवले. कल्पना चांगली. पण राष्ट्रीय रेल्वे स्वतःच्या प्रवासी गाड्यांना आधी जागा देते, उरलं ते कॉरिडॉरला. जुलै २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने क्षमता वाटपासाठी नवा कायदा मांडला, त्यात जागेचा काही हिस्सा मालासाठी आधीच राखून ठेवणं आणि दुरुस्तीचे ब्लॉक सीमेपलीकडच्याशी बोलून ठरवणं आहे. माझ्या मते या सगळ्या धाग्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तिचा एकही सुंदर फोटो निघत नाही.

ब्लॉकबद्दल: जर्मनी आता अख्खी लाईन महिनोन्‌महिने बंद करून एकदमच दुरुस्त करते. फ्रँकफुर्ट-मानहाइम ही सुमारे ७० किमीची लाईन २०२४ मध्ये जुलै मध्यापासून डिसेंबर मध्यापर्यंत बंद होती. अशा बऱ्याच लाईन्स रांगेत आहेत. ऑर्डर घेताना फॉरवर्डरला थेट विचारा: तुमच्या मार्गावर त्या काळात ब्लॉक आहे का, वळणमार्ग कुठला, आणि वळणमार्गाचा जादा खर्च कोणाचा?

बिडाचा_ठोकळा

इथं बरेच फाउंड्रीवाले आहेत म्हणून एक मुद्दा टाकतो. १० ऑगस्ट २०२३ ला स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड बेस टनेलमध्ये मालगाडी घसरली. ५७.१ किमीचा बोगदा, साधारण ७ किमी रूळ खराब, पूर्ण सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. कारण: एका वाघिणीचं चाक फुटलं. चाकाचे तुकडे घसरण्याच्या जागेच्या कित्येक किमी आधीपासून सापडले.

चाक का फुटलं, तिथं आपला विषय येतो. जुन्या वाघिणींचे ब्रेक ठोकळे ग्रे आयर्नचे, साध्या बिडाचे. ते चाकाच्या धावेवर दाबले जातात, धाव खडबडीत करतात, आणि खडबडीत चाक रुळावर खडखडतं. लोकांच्या झोपेची तक्रार, म्हणून स्वित्झर्लंडने २०२० च्या सुरुवातीपासून आणि जर्मनीने त्याच डिसेंबरपासून गोंगाट करणाऱ्या वाघिणींवर बंदी आणली. मग ठोकळे कंपोझिटचे आले. त्यातला एलएल प्रकार चाक किंवा ब्रेकची रचना न बदलता जुन्या जागी बसतो, म्हणून स्वस्त. धाव गुळगुळीत राहते, आवाज निम्म्यावर येतो.

पण बीड उष्णता ओढून घेतं, कंपोझिट घेत नाही. लोखंडी उलथण्याने तवा थोडा तरी निवतो, लाकडी कालथ्याने नाही, तसं. घाटात लांब उतारावर ब्रेक धरला की जवळजवळ सगळी उष्णता चाकात जाते. तापणं-निवणं, तापणं-निवणं, धावेजवळच्या पोलादात उरलेले ताण दाबाचे होते ते ओढीचे होतात, बारीक तडा पडतो आणि फटीगने (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने) वाढत जातो. स्विस चौकशीतही फटीगचा तडाच निघाला आणि बोट याच प्रकारच्या ठोकळ्यांकडे गेलं. धावेची तपासणी डोळ्याने करून हा तडा दिसत नाही. रंग जळालाय का, निळी झाक आलीय का, हे पाहतात, पण तो पुरावा उशिराचा.

स्वित्झर्लंडने यानंतर चाकाचा किमान व्यास, तपासणीचं अंतर वगैरे कडक नियम काढले, तर वाघीणमालक ओरडतायत की एका छोट्या देशाने अख्ख्या खंडाच्या वाघिणींना नियम लावला. दोघांचंही बरोबर आहे, हीच पंचाईत. समजा वाघीण जर्मनीत नोंदलेली, देखभाल स्लोव्हाकियात, माल बेल्जियमचा, आणि फुटते स्वित्झर्लंडमध्ये. सीमापार वाहतूक सुधारायची म्हणजे देखभालीची वहीही सीमापार वाचता आली पाहिजे.

रंकाळा_स्टँड

हे भारी होतं. आपल्या वाघिणींनाही कंपोझिटच असतात ना?

बिडाचा_ठोकळा

असतात, फार पूर्वीपासून. पण आपली चाकं, ब्रेकचा दाब आणि उताराचे नियम त्याला धरून ठरवलेले आहेत. तिकडे जुन्या रचनेवर नुसता ठोकळा बदलला, फरक तिथं आहे.

कप्लिंग

एकाही प्रतिसादात कप्लिंग आलं नाही म्हणून लिहितो. युरोपातल्या मालवाघिणी आजही स्क्रू कप्लिंगवर आहेत. माणूस दोन बफरांमध्ये वाकून शिरतो, वीसएक किलोची कडी उचलून आकड्यात टाकतो, मळसूत्र फिरवून आवळतो, ब्रेकचा पाइप जोडतो, कॉक उघडतो, बाहेर येतो. प्रत्येक जोडाला. पावसात, बर्फात. आपल्या मालवाघिणींना सीबीसी (सेंटर बफर कप्लर) येऊन जमाना झाला. एका दणक्यात जोडतं, पाइप तेवढा हाताने. स्क्रूची ताकद कमी, म्हणून गाडीचं वजनही मर्यादित. आपण चार-पाच हजार टन ओढतो, ते दोन-अडीच हजारांवर समाधानी.

यावर डीएसी, डिजिटल ऑटोमॅटिक कप्लिंग, हा मोठा बेत आहे. २०२१ मध्ये शार्फेनबर्ग धाटणीचं डोकं निवडलं. हवा, वीज आणि डेटा तिन्ही आपोआप जोडतं, ब्रेक टेस्ट केबिनमधून होते. अडचण अशी की नवं-जुनं एकमेकांना जोडत नाही. चार-पाच लाख वाघिणी आणि हजारो मालक. १९७० च्या दशकात असाच प्रयत्न यावरच आपटला.

कॉरिडॉर_काका

डीएसीवर थोडं असहमत. उद्यमनगरींच्या कंटेनरला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. बंदर ते टर्मिनल अशी शटल गाडी एकदा जोडली की आठवडेच्या आठवडे तशीच फिरते, फक्त वरचे डबे बदलतात. डीएसीचा फायदा यार्डात तोडून-जोडून जाणाऱ्या सुट्या वाघिणींना. तेवढ्याच पैशात ७४० मीटर गाडी मावेल अशा लूप लाईन्स केल्या तर फायदा सगळ्यांना. टेन-टी (युरोपचं सामाईक वाहतूक जाळं) नियमात ७४० मीटर, २२.५ टन आस आणि १०० किमी वेग लिहिलेला आहे, मुख्य जाळ्यासाठी मुदत २०३०. मधल्या एका स्टेशनात लूप ६०० मीटरची असेल तर अख्ख्या मार्गावर गाडी ६०० चीच काढावी लागते.

कप्लिंग

तुमच्या शटलपुरतं मान्य. पण सुट्या वाघिणींचा धंदा बुडाला की तो माल ट्रकवर जातो, तो पुन्हा रेल्वेवर येत नाही. पोलाद आणि रसायनं सगळीच काही कंटेनरमधून जात नाहीत.

डॅन्यूबकाठ

मार्ग निवडण्याबद्दल. ऑस्ट्रिया, हंगेरी, बव्हेरियासाठी सरळ मार्ग एड्रियाटिकचा: ट्रिएस्ट किंवा कोपर. सुएझमधून जहाज आलं तर उत्तरेकडच्या बंदरांपेक्षा कित्येक दिवस आधी पोचतं. पण २०२३ च्या शेवटापासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाज कंपन्या आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालू लागल्या, आणि वळसा घालून आलेल्या जहाजाला एड्रियाटिकचा फायदा उरत नाही. उलट आधी रॉटरडॅम लागतं. म्हणून आधी जहाज कुठून जातंय ते विचारा, मग बंदर ठरवा.

कोपरहून दिवाचापर्यंतची जुनी लाईन एकेरी आणि २६ प्रतिहजार चढाची, म्हणजे जड गाडीला जादा इंजिन. नवी २७ किमीची लाईन त्यासाठीच बांधली, सात बोगदे. ट्रिएस्टहून तार्व्हिसिओमार्गे फिलाखला ३ केव्ही डीसीवरून १५ केव्हीवर जावं लागतं, बहुप्रणाली इंजिन असेल तर अडत नाही.

रॉटरडॅमहून बेतुव्हे ही १६० किमीची निव्वळ मालाची लाईन २००७ पासून आहे, २५ केव्ही, ईटीसीएस. जर्मन सीमेपलीकडे एमेरिख-ओबरहाउझेनला मात्र तिसऱ्या रुळाचं काम कित्येक वर्षं लांबलं. गोटहार्डचंही तेच. स्वित्झर्लंडने बोगदे वेळेत केले, जर्मनीने १९९६ मध्ये लुगानोला कबूल केलेली कार्ल्सरूहे-बाझल चौपदरी अजून पुरी नाही.

पन्हाळा_पॉइंट

प्रवासी गाड्यांचं कोणी लिहिलं नाही. फिरायला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगाल का?

डॅन्यूबकाठ

एकच गोष्ट सांगतो, कारण पैसे त्यातच जातात. ॲमस्टरडॅम-पॅरिस आणि पॅरिस-बार्सिलोना अशी दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिली गाडी उशिरा आली, तर दुसऱ्या गाडीचं नुकसान तुमचं. एकाच तिकिटावर असेल तर पुढच्या गाडीची जबाबदारी रेल्वेची. ६० मिनिटांच्या वर उशीर असेल तर २५ टक्के परत, दोन तासांच्या वर ५०. जून २०२३ पासून लागू झालेल्या नियमात हे स्पष्ट आहे. अडचण ही की वेगवेगळ्या कंपन्यांचं एकत्र तिकीट मिळतच नाही बऱ्याच ठिकाणी. भारतात राहणाऱ्याला इंटररेल नाही, युरेल पास. पण टीजीव्ही आणि युरोस्टारला पासवर वेगळं आरक्षण लागतं आणि त्या जागा मोजक्या. पॅरिसमध्ये गार द्यु नॉर ते गार द लियॉं असं स्टेशन बदलावं लागतं. आरईआर डी ने दोन थांबे, पण बॅगांसकट तासभर राखा.

पुलाची_शिरोली

परत मालाकडे येऊ. डबा रेल्वेत अडकला तर डिटेन्शन, म्हणजे डबा जास्त दिवस ठेवल्याचा आकार, कोणाच्या माथी?

उद्यमनगरी

कॅरियर हॉलेज की मर्चंट हॉलेज, त्यावर. बिल ऑफ लेडिंगवर शेवटचं ठिकाण आतलं टर्मिनल असेल, उदाहरणार्थ ड्युसबुर्ग, एन्स किंवा म्युनिक-रीम, तर तिथपर्यंत रेल्वेचं बुकिंग जहाज कंपनी करते आणि सीमेवर गाडी बसली तरी तोवरचे दिवस तिच्याकडे. तुमचे मोफत दिवस टर्मिनलला डबा मिळाल्यापासून. मर्चंट हॉलेजमध्ये शेवटचं ठिकाण बंदर, तिथून डबा उचलल्यापासून मीटर चालू, आणि रिकामा डबा परत कुठे द्यायचा तेही तुमच्या फॉरवर्डरच्या डोक्याला. बंदरातच परत द्यायचा असेल तर परतीचं रेल्वेभाडंही तुमचंच, ते कोटेशनमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही.

रेल्वेच्या टप्प्याला सीआयएम कन्साइनमेंट नोट (रेल्वेचं मालपत्र) लागते, आणि युरोपात शिरताना कस्टम्स बंदरात करणार की टी१ ट्रान्झिटवर (कस्टम्स न करता माल आत न्यायचा कागद) आत नेऊन करणार हे आधी ठरवा. टी१ला मुदत असते. गाडी ब्लॉकमध्ये अडकून ती संपत आली तर फॉरवर्डरने वेळेत कळवायचं असतं, ते पत्र कोण लिहिणार हे करारात घाला. मोफत दिवस पाचाऐवजी दहा मागा. रेल्वे घेताय असं सांगून मागितलं तर बुकिंगच्या वेळी देतात, नंतर देत नाहीत.

पुलाची_शिरोली

आणि कोल्हापूर ते न्हावाशेवाही रेल्वेनेच का नाही? एकदा विचारायचंच होतं.

मिरज_जंक्शन

कंटेनरचा पूर्ण रेक म्हणजे ४५ वाघिणी, ९० टीईयू, म्हणजे २० फुटी ९० डबे. तेवढे डबे एकाच दिवशी, एकाच बंदरासाठी जमवायचे. अंतर इतकं थोडं की दोन्ही टोकांची क्रेन आणि ट्रक धरला तर सरळ हायवेने जाणारा ट्रक स्वस्त पडतो. चार-पाच फाउंड्र्यांनी मिळून आठवड्याचा ठरावीक दिवस धरला तर बोलणी करता येतील, पण आधी कोणाचे किती डबे हे कागदावर यायला हवं.

उद्यमनगरी

त्यासाठी वेगळा धागा काढतो. महिन्याचे डबे, २० की ४० फुटी, सरासरी वजन आणि कुठल्या आठवड्यात निघतात, एवढंच लिहा. गिऱ्हाइकांची नावं नकोत.